अझोर्सची धावपट्टी, गोव्याचा डिसेंबर आणि महासत्तांना लागणारी परवानगी

गिरगावकर_गोंयकार (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर अमेरिकेकडे विमानवाहू नौका किती आणि चीनकडे किती यावरून चांगलीच हमरीतुमरी झाली. अकरा विरुद्ध तीन, मग टनेज, मग विमानं. मला त्या मोजणीत फारसा रस नाही. घरापासून आठ-दहा हजार किलोमीटर लांब ती नौका महिनोन्महिने कोणाच्या जिवावर उभी राहते, हे आधी बघायला हवं. आणि ते बघायला पोर्तुगालइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडत नाही. हो, आपल्या गोव्याचाच पोर्तुगाल.

लिस्बनच्या पश्चिमेला साधारण दीड हजार किलोमीटरवर, भर अटलांटिकमध्ये अझोर्स नावाची नऊ बेटं आहेत. त्यातल्या तेर्सेइरा बेटावर लाजेश नावाचा विमानतळ आहे. बेट म्हणाल तर गाई, काळ्या दगडांचे बांध घातलेली कुरणं आणि पाऊस. पण गेल्या शतकात या एका धावपट्टीने भल्याभल्यांना दारात उभं केलंय.

१९४३ साली जर्मन पाणबुड्या अटलांटिकच्या मधल्या पट्ट्यात मोकाट होत्या, कारण किनाऱ्यावरून उडणारी मित्रराष्ट्रांची विमानं तिथवर पोचत नव्हती. पोर्तुगाल तटस्थ. तेव्हा ब्रिटनने पोर्तुगालशी झालेला १३७३ सालचा तह बाहेर काढला. १३७३! इकडे बहमनींचं राज्य होतं तेव्हा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने बराच घोळ घालून होकार दिला आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये ब्रिटिश तेर्सेइरावर उतरले, मागोमाग अमेरिकन. पुढे १९४९ साली लोकशाहीच्या रक्षणासाठी म्हणून नाटो निघाली, तिच्यात याच सालाझारचा पोर्तुगाल संस्थापक सदस्य. माझ्या मते याचं सगळ्यात मोठं कारण हे बेट.

आता गोवा. सालाझारला वाटत होतं, आपण नाटोत आहोत, ब्रिटनशी सहाशे वर्षांचा तह आहे, भारत हात लावणार नाही. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हणून त्याची आशा वाढवली (आणि नेमके त्याच सुमारास ख्रुश्चेव्ह-बुल्गानिन भारतात येऊन आपली बाजू घेऊन गेले). पण नाटोच्या कराराचं सहावं कलम वाचा. संरक्षण युरोपला, उत्तर अमेरिकेला आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेच्या अटलांटिकमधल्या बेटांना. पणजी यात कुठेच बसत नाही. डिसेंबर १९६१ मध्ये लिस्बनहून कुमक पाठवायची म्हणून पोर्तुगालने वाटेतले विमानतळ वापरू द्या असं ब्रिटनला सांगितलं. ब्रिटनने उत्तरच लांबवलं आणि शेवटी नाही म्हटलं. भारत राष्ट्रकुलातला, त्याच्याविरुद्ध कसं जाणार? पुढे जानेवारी १९६२ च्या भाषणात सालाझारने याच दिरंगाईवर आगपाखड केली. उत्तर वेळेवर आलं असतं तर दुसऱ्या वाटेने सैन्य नेलं असतं, असं त्याचं म्हणणं.

आता याच्या उलट. अंगोला या पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत बंड पेटलं आणि मार्च १९६१ मध्ये केनेडींच्या अमेरिकेने संयुक्त राष्ट्रांत पोर्तुगालच्या विरोधात मत दिलं. अझोर्सचा करार १९६२ च्या अखेरीला संपत होता. सालाझारने काय करावं? नूतनीकरणही केलं नाही आणि बाहेरही काढलं नाही. बसा, पण कागद नाही. अमेरिकेचा अंगोलाबद्दलचा सूर बघता बघता मऊ झाला. भाडेकरूला घराबाहेर न काढता नुसतं करारपत्र अडवून ठेवणारा घरमालक मुंबईकरांना वेगळा सांगायला नको.

आणि मग १९७३. ६ ऑक्टोबरला इजिप्त-सीरियाने इस्रायलवर हल्ला केला, इस्रायलचा दारूगोळा भराभर संपायला लागला. अमेरिकेने हवाई मार्गाने पुरवठा करायचं ठरवलं. विमानं होती, पैसा होता, दारूगोळा होता. पण तेव्हाच्या सी-१४१ मालवाहू विमानाला हवेत इंधन घ्यायची सोयच नव्हती, भरलेलं विमान अमेरिकेतून थेट तेल अवीवला पोचत नव्हतं. मध्ये उतरायला जागा हवी. तेलाच्या धास्तीने युरोपातले दोस्त एकेक करून मागे सरले. राहिला पोर्तुगाल. त्याचीही इच्छा नव्हती, पण निक्सनच्या कडक पत्रानंतर सालाझारच्या जागी आलेल्या काएतानोच्या सरकारने लाजेश उघडून दिलं. तिथून विमानं भूमध्य समुद्राच्या बरोब्बर मधून, ना युरोपच्या हवाई हद्दीत ना आफ्रिकेच्या, अशी वाट काढत जात. महिनाभरात २२ हजार टनांहून अधिक सामान पोचलं. बदल्यात अरब देशांनी पोर्तुगालचंही तेल बंद केलं.

म्हणजे १९७३ साली जगातल्या सर्वात बलाढ्य हवाई दलाची पोच किती, हे लिस्बनमधल्या एका मरायला टेकलेल्या राजवटीने ठरवलं. सहा महिन्यांनी, एप्रिल १९७४ मध्ये, ती राजवट कोसळलीसुद्धा.

माझं म्हणणं एवढंच की सामर्थ्य ही बरीचशी दुसऱ्याच्या परवानगीची गोष्ट आहे. युती केल्याने परवानगी मिळतेच असं नाही, मागणं सोपं होतं इतकंच. दर वेळी नव्याने मागावी लागते आणि दर वेळी तिची किंमत वेगळी. तुम्हाला काय वाटतं?

---

खवचट_काका

लेख छान, पण जुन्या काळातला. जून २०२५ मध्ये बी-२ विमानं मिसूरीहून उडाली, इराणवर बॉम्ब टाकून परत मिसूरीला उतरली. सुमारे ३७ तास. कोणाच्या दारात गेली? तंत्रज्ञानाने तुमची लाजेश-बिजेश भंगारात काढली आहे.

---

गिरगावकर_गोंयकार

काका, विमानाचा पायलट घरून निघाला आणि घरी आला, हे खरं. पण त्याला वाटेत हवेत पुन:पुन्हा इंधन पाजणारी टँकर विमानं कुठून उडतात? त्या हल्ल्याच्या आठवडाभर आधी अमेरिकेची डझनावारी टँकर विमानं अटलांटिक ओलांडून युरोपातल्या तळांवर जाऊन बसली, ती बातमी तेव्हा सगळीकडे होती. हवेतलं इंधन भरणं म्हणजे जमिनीवरची परवानगी थोडी मागे सरकवणं.

फॉकलंडचं युद्ध आठवा. १९८२ साली ब्रिटनने अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरून व्हल्कन बॉम्बर पाठवला. एका बॉम्बरने एकदा बॉम्ब टाकावेत म्हणून अकरा व्हिक्टर टँकर उडवावे लागले. टँकरला इंधन पाजायला टँकर, त्याला आणखी टँकर. आणि गंमत म्हणजे बेट ब्रिटनचं, पण तिथला विमानतळ चालवत होती अमेरिका. स्वतःच्या बेटावर इंधनासाठी ब्रिटनला अमेरिकेकडे बघावं लागलं.

आणि दोन-चार बॉम्ब टाकून परत येणं वेगळं, महिनाभर लढणं वेगळं. दुसरं कोणी ३७ तासांच्या फेऱ्या रोज मारून दाखवावं.

---

खवचट_काका

ठीक. पण त्याच आठवड्यात इराणने कतारमधल्या अमेरिकेच्या अल उदैद तळावर क्षेपणास्त्रं टाकली. तळ म्हणजे ताकद, तसा शत्रूच्या हाताशी आयता ठेवलेला गळाही. हे लेखात नाही.

---

सह्याद्री_७२

काकांशी सहमत. आणि यजमानाची मधल्यामध्ये पंचाईत. कतारने कोणाशी भांडण काढलं नव्हतं.

---

दर्यावर्दी_रत्नांग्री

मी व्यापारी जहाजावर इंजिन रूममध्ये आहे, नौदलाशी काही संबंध नाही. पण बंदराची परवानगी म्हणजे नेमकं काय, ते जरा सांगतो, कारण वर सगळी चर्चा विमानांची चालली आहे.

जहाज धक्क्याला लागलं की पहिल्या तासात गँगवेवर गर्दी होते. एजंट कागद घेऊन, चँडलर भाजीपाला-अंड्यांची यादी घेऊन, सर्वेअर, कचरा न्यायला येणारी बार्ज, गोड्या पाण्याचा पाइप, इंधन देणारी बंकर बार्ज. इंजिनाचा एखादा सुटा भाग विमानाने त्या शहरात येऊन कस्टममध्ये अडकलेला असतो, तो सोडवायला वेगळा माणूस. यातलं एक जरी फसलं तरी जहाज अडतं. एका बंदरात (नाव नको) आमचा एक साधा व्हॉल्व्ह कस्टमने आठवडाभर धरून ठेवला होता, सही करणारा साहेब रजेवर म्हणून. कंपनीचं रोजचं नुकसान किती, विचारू नका.

युद्धनौकेला हे सगळं लागतंच, वर दारूगोळा, शस्त्रं घेतलेल्या माणसांना किनाऱ्यावर उतरू देणं, आणि जहाजाचं बूड खराब झालं तर ड्राय डॉक, म्हणजे पाणी उपसून जहाज कोरडं करता येणारी गोदी. माझ्या मते धावपट्टीहून ड्राय डॉक मोठी गोष्ट. धावपट्टी दोन वर्षांत बांधता येते. मोठी गोदी आणि तिथला तीस वर्षं मुरलेला वेल्डर-फिटर कुठून आणणार? अमेरिकेचं सातवं आरमार जपानच्या योकोसुकाला आहे ते उगाच नाही. तिथली गोदी जपानच्या शाही नौदलाने बांधलेली, कामगार जपानी. एक विमानवाहू नौका तिथेच राहते. अमेरिकेतून दर वेळी पॅसिफिक ओलांडून यायचं झालं तर तेवढ्याच कामाला दोन-तीन नौका गुंतवाव्या लागतील.

जिबूतीच्या बाजूनेही आमची ये-जा असते. फ्रान्स, अमेरिका, जपान, चीन, सगळ्यांचे तळ त्या एवढ्याशा देशात. कारण उघड आहे, बाब-अल-मंदेब, लाल समुद्राच्या तोंडाची सामुद्रधुनी. व्हीएचएफ रेडिओवर तासभर कान लावला तर निम्म्या जगाच्या नौदलांचे उच्चार ऐकायला मिळतात.

---

चौकस_मावशी

दर्यावर्दी, मस्त लिहिलंत. वेगळा धागा काढा यावर.

अवांतर: एडन १८३९ साली ब्रिटिशांनी घेतलं ते मुंबईहून मोहीम पाठवून, आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्याकडेच होता. का घेतलं? वाफेच्या जहाजांना मुंबई-सुएझ मार्गावर कोळसा भरायला मध्ये जागा हवी म्हणून. कोळसा गेला, तेल आलं. टोपलीच्या जागी पाइप, एवढाच फरक.

---

नवा_गडी

नवीन आहे, सांभाळून घ्या. भारताचे असे तळ आहेत का? आणि आपण कोणाला तळ देतो का?

---

गिरगावकर_गोंयकार

नवा_गडी, स्वागत. दुसऱ्या प्रश्नापासून.

जानेवारी १९९१, पहिलं आखाती युद्ध. फिलिपीन्सकडून आखातात जाणारी अमेरिकेची मालवाहू विमानं मुंबईच्या सहारला उतरून इंधन भरत होती, मद्रास-आग्र्यालाही. चंद्रशेखर सरकारने गुपचूप दिलेली परवानगी. बातमी फुटली, सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसने गहजब केला आणि फेब्रुवारीत ते बंद झालं. मुंबईने तेव्हा महिनाभर छोट्या प्रमाणावर लाजेशचं काम केलं, आणि किती सहज ते थांबलं बघा.

२५ वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, मनोहर पर्रीकरांनी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेबरोबरच्या लेमोआ या करारावर सही केली. त्यात तळ वगैरे काही नाही. एकमेकांच्या जहाजा-विमानांना इंधन, रेशन, दुरुस्ती द्यायची, हिशेब नंतर चुकता करायचा. दर वेळची परवानगी दोन्ही सरकारांच्या हातातच राहिली. मला हा करार आवडतो तो याच कारणासाठी.

आपल्याला मिळालेल्या सोयी: ओमानचं दुक्म (२०१८), सिंगापूरचं चांगी, मॉरिशसच्या आगालेगा बेटावर आपण बांधलेली धावपट्टी आणि जेटी. सेशेल्सच्या अझम्प्शन बेटाचं मात्र तिथल्या विरोधामुळे बारगळलं. मालदीवमध्ये २०२३ ला सरकार बदललं आणि १० मे २०२४ च्या मुदतीत आपले सैनिक परत आले, त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ गेले. हेलिकॉप्टरं तीच, गणवेश गेला. एका निवडणुकीचा परिणाम!

दुसरी बाजूही सांगतो. मार्च २०२४ मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलेलं रुएन हे जहाज आपल्या नौदलाने सोडवलं. किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर, आयएनएस कोलकाता समोर उभी, आणि सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो आपल्या बोटींसकट समुद्रात उतरले. ३५ चाचे मुंबई पोलिसांच्या ताब्यात आले. तेवढ्यासाठी कोणाची धावपट्टी लागली नाही. पण कोलकाता त्या पाण्यात आधीपासून गस्तीवर होती म्हणून हे जमलं, आणि गस्त टिकवायची तर पुन्हा दर्यावर्दींची यादी: पाणी, इंधन, सुटे भाग.

---

खवचट_काका

पर्रीकर आले म्हणजे धागा आता राजकारणात जाणार. मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

शेणवी_मास्तर

काका, बसा स्वस्थ. गोव्याच्या विषयात एक महत्त्वाचं राहिलंय: दादरा-नगर हवेली.

जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि मग सिल्वासा मुक्त केलं. आझाद गोमंतक दलाची मंडळी होती, सुधीर फडके होते, आपल्याकडे ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पण पोर्तुगालची अडचण लक्षात घ्या. दमणमध्ये त्यांचे शिपाई तयार, पण दमण ते नगर हवेली मध्ये भारताची जमीन. आपण सैनिकांना वाट दिली नाही. पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या न्यायालयात गेला. एप्रिल १९६० चा निकाल असा: खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्याचा हक्क होता, सशस्त्र दलं, पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हता, त्यांना नेहमीच परवानगी लागत आली होती.

थोडक्यात, तुमच्या लेखाचा मुद्दा न्यायालयाच्या शिक्क्यानिशी आपल्याच पालघर-वापीच्या पट्ट्यात सिद्ध झालेला आहे.

आणि १८ डिसेंबर १९६१ ला गोव्यात पोर्तुगालची मोठी युद्धनौका एकच होती, अफोन्सो द आल्बुकेर्क. आपल्या बेतवा आणि बियास समोर तिचा निभाव लागला नाही, जखमी होऊन बांबोळीच्या किनाऱ्याला लागली. आमच्या घरातली जुनी माणसं सांगायची, रेतीत कलंडलेलं ते धूड बघायला लोक जेवणाचे डबे घेऊन जायचे. दुसरं जहाज लिस्बनहून यायला किती आठवडे लागले असते, करा हिशेब.

---

गिरगावकर_गोंयकार

मास्तर, नगर हवेलीबद्दल नमस्कार घ्या. लेखात हे यायलाच हवं होतं.

---

अनघा_पोर्टलुई

बराच वेळ वाचते आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी मॉरिशसला राहते. इथे मराठी घराणी पिढ्यान् पिढ्या आहेत, गणपतीत तर कोकणात असल्यासारखं वाटतं. पण लिहायचं आहे ते शेजाऱ्यांबद्दल.

तुम्ही सगळे परवानगी, परवानगी म्हणताय. हिंदी महासागरातल्या शागोस बेटांपैकी दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ आहे, तिथल्या लोकांची परवानगी कोणी घेतली? १९६५ साली, मॉरिशसला स्वातंत्र्य द्यायच्या आधी, ब्रिटनने शागोस बेटं कापून वेगळी ठेवली. १९६६ ला अमेरिकेशी पन्नास वर्षांचा करार केला आणि बदल्यात पोलारिस क्षेपणास्त्रांवर सवलत घेतली. मग १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या नारळाच्या मळ्यांवर पिढ्यान् पिढ्या राहणारी दीड-दोन हजार माणसं हलवली. आधी त्यांची कुत्री मारली, खोबरं वाळवायच्या भट्टीघरात कोंडून, धुराने. मग माणसांना बोटीत घालून इथे आणि सेशेल्सला आणून सोडलं. पोर्ट लुईच्या कासी आणि रोश ब्वा या वस्त्यांत त्यांची नातवंडं अजून आहेत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची आई त्या बोटीतून आलेली. बाई स्वतः कधी ते बेट बघितलेल्या नाहीत, पण तिथल्या माशांची नावं त्यांना तोंडपाठ आहेत.

१९९१ ला, २००१ ला, २००३ ला त्या बेटावरून बॉम्बर उडाले. तुमच्या भाषेत ही सर्वात पक्की परवानगी, कारण नाही म्हणायला बेटावर माणूसच ठेवला नाही.

---

सह्याद्री_७२

_/\_ अनघाताई, कुत्र्यांचं माहीत नव्हतं.

---

खवचट_काका

हे वाचून पॉपकॉर्न बाजूला ठेवलं. तरी एक विचारतो. भारताने संयुक्त राष्ट्रांत मॉरिशसच्या बाजूने मत दिलं, बरोबरच केलं. पण अमेरिका तिथून उठली आणि चीन येऊन बसला तर आपल्याला चालेल का? मनातल्या मनात उत्तर द्या.

---

गिरगावकर_गोंयकार

अनघाताई, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो माझ्या लेखाच्या चौकटीत नीट बसत नाही, हेही मान्य. एवढीच भर घालतो की ती 'पक्की' परवानगीसुद्धा शेवटी पक्की राहिली नाही. २०१९ ला हेगच्या न्यायालयाने ब्रिटनने बेटांचा ताबा सोडावा असं मत दिलं, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मॉरिशसच्या बाजूने ११६ विरुद्ध ६ मतं पडली. आणि २२ मे २०२५ ला ब्रिटनने मॉरिशसशी करारावर सही केली: सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाड्याने, वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड. माणसं हलवून मोकळी केलेली जागा, तिचं भाडं साठ वर्षांनी कागदावर तरी ठरलं. मात्र मिळालंच तर ते सरकारला मिळणार. तुमच्या बाईंना काय मिळणार, हा प्रश्न उरतोच.

काका, चीनबद्दल: मला चालणार नाही. दिल्लीलाही चालणार नाही. म्हणूनच दिल्लीने मॉरिशसच्या सार्वभौमत्वाला पाठिंबा दिला आणि तळ चालू राहण्याबद्दल ब्र काढला नाही. चीनची अडचण वेगळी आहे. पैसा आहे, जहाजं आहेत, पण लेखी संरक्षण-करार एका उत्तर कोरियाशी, १९६१ चा. श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेता येतं, पण लढाईच्या दिवशी कोलंबो दार उघडेल का, हे भाडेपट्ट्यात लिहिलेलं नसतं. तुर्कस्तान तर नाटोतला, तरी १ मार्च २००३ ला त्यांच्या संसदेने अमेरिकेच्या ६२ हजार सैनिकांना इराकवर उत्तरेकडून जायला वाट दिली नाही. बाजूने मतं जास्त पडली होती, २६४ विरुद्ध २५०. तटस्थांमुळे बहुमत हुकलं. सामान भरलेली जहाजं भूमध्य समुद्रात ताटकळून शेवटी कुवेतकडे वळली.

---

दर्यावर्दी_रत्नांग्री

अनघाताई, आगालेगाचं तिकडे काय म्हणतात लोक? आमच्या जहाजावर एक मॉरिशियन थर्ड इंजिनियर होता, तो म्हणायचा तिथेही शागोससारखंच होणार.

---

अनघा_पोर्टलुई

भीती आहे, आणि ती उगाच नाही. तिथे जेमतेम तीनशे माणसं, नारळावर जगणारी. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोदी आणि मॉरिशसचे तेव्हाचे पंतप्रधान जगन्नाथ यांनी धावपट्टी आणि जेटीचं उद्घाटन केलं तेव्हा इथलं सरकार पुन:पुन्हा सांगत होतं की हा लष्करी तळ नाही. विरोधक करार दाखवा म्हणत होते. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच विरोधक, रामगुलाम, निवडून आले. त्यांनी शागोसच्या भाड्याची बोलणी पुन्हा उघडली आणि अटी घासून घेतल्या. आगालेगाला हात लावला नाही.

इथे माझ्या ओळखीतले लोक दोन प्रश्न विचारतात: आजारी माणसाला त्या धावपट्टीवरून विमानाने लवकर आणता येईल का, आणि बेटावर जायला आम्हाला कोणाला विचारावं लागेल. पहिल्याचं उत्तर हो असायला हरकत नाही. दुसऱ्याचं उत्तर दिल्लीने आणि पोर्ट लुईने मिळून लेखी द्यावं, एवढं माझं मत.

---

नवा_गडी

सगळ्यांचे आभार. दर्यावर्दी दादा, ड्राय डॉकवर खरंच वेगळा धागा काढाल का? माझगावच्या गोदीत परदेशी युद्धनौका दुरुस्तीला येऊ शकतात का, हे विचारायचं होतं.

---

दर्यावर्दी_रत्नांग्री

अमेरिकी नौदलाने आपल्या खाजगी आणि सरकारी गोद्यांशी दुरुस्तीचे करार केलेत, माझगाव डॉक त्यात आहे. लढाऊ नौकांपेक्षा रसद नेणाऱ्या जहाजांचं काम जास्त. परवा जॉइन होतोय, त्यामुळे धागा उतरल्यावरच. तोवर कोणी माझगावात काम केलेलं इथे असेल तर त्यांनीच सुरू करावा, मला इंजिनापलीकडचं कमी कळतं.